आजोबांचं डेपो इंजेक्शन आणि नायलॉनवाला वॉलेस कॅरोदर्स

माझे आजोबा एसटीत ड्रायव्हर होते, ३१ वर्षं. दोन वर्षांपूर्वी त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला आणि तेव्हापासून दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन घ्यावं लागतं. पहिल्यांदा तो खोका हातात आला तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, नाव वाचलं आणि हसायला लागले. नावाच्या शेवटी डेपो असा शब्द होता. जन्मभर डेपोतून गाड्या काढल्या, आता डेपोच अंगात घालून घ्यायचा, असं म्हणाले.

मग मला विचारलं, एकदाच टोचलेलं औषध तीन महिने पुरतं कसं? मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. घरच्यांच्या हिशेबाने वायफाय, गीझर, आधार कार्ड आणि औषधं या सगळ्याची उत्तरं मला यायलाच हवीत. मला आलं नाही. घरी येऊन खोक्यातला घडीचा कागद उघडला, फोनचा कॅमेरा झूम करून बारीक अक्षरं वाचली. औषधाचं नाव ल्युप्रोलाइड. आणि खाली, औषधाबरोबर आणखी काय काय आहे त्या यादीत, पॉलीलॅक्टिक ॲसिड.

हे नाव मला माहीत होतं! कॉलेजच्या लॅबमध्ये थ्रीडी प्रिंटरला प्लॅस्टिकचं रीळ लावायचो, त्यावर पीएलए लिहिलेलं असायचं. पीएलए म्हणजे हेच पॉलीलॅक्टिक ॲसिड. त्यातून मी एक मोबाईल स्टँड आणि एक जरा वाकडा गणपती छापला होता. त्याच जातीचं प्लॅस्टिक आजोबांच्या अंगात? (औषधातलं प्लॅस्टिक कितीतरी शुद्ध असतं. प्रिंटरच्या रिळावर प्रयोग करू नका.)

त्या रात्री मी हे नाव मागे मागे शोधत गेलो. थ्रीडी प्रिंटरच्या मागे इंजेक्शन, इंजेक्शनच्या मागे विरघळणारे टाके, आणि सगळ्याच्या मागे १९३२ सालचा एक शोधनिबंध. त्यावर वॉलेस कॅरोदर्सचं नाव होतं. हा तर नायलॉनवाला! शाळेच्या पुस्तकात ज्याच्या वाट्याला एखादी ओळ येते तो. त्याचं आयुष्य वाचायला घेतलं आणि मग दोन दिवस ऑफिसच्या कामात लक्ष लागलं नाही.

हिशेब शिकलेला केमिस्ट

वॉलेस ह्यूम कॅरोदर्सचा जन्म २७ एप्रिल १८९६ चा, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या बर्लिंग्टन गावचा. चार भावंडांत थोरला. वडील डे मॉइन शहरातल्या एका कमर्शियल कॉलेजात शिकवायचे, म्हणून पोरगाही आधी तिथेच गेला आणि अकाउंटिंग शिकला. आपल्याकडे सायन्स झेपलं नाही की कॉमर्स घेतात, याने उलटं केलं. १९१५ मध्ये तो मिसुरीतल्या टार्किओ नावाच्या छोट्या कॉलेजात गेला. तिथे सायन्स शिकता शिकता खर्चासाठी अकाउंटिंग शिकवायचा. तिथले केमिस्ट्रीचे प्राध्यापक आर्थर पार्डी कॉलेज सोडून गेले, तेव्हा केमिस्ट्री शिकवायला माणूसच उरला नाही. मग कॉलेजने हे काम कॅरोदर्सलाच दिलं. तो स्वतः अजून विद्यार्थी होता!

पुढचं भरभर सांगतो. इलिनॉय विद्यापीठात १९२१ ला मास्टर्स, साउथ डकोटात वर्षभर मास्तरकी, परत इलिनॉयला येऊन रॉजर ॲडम्स यांच्या हाताखाली १९२४ ला पीएचडी. १९२६ ला थेट हार्वर्डमध्ये शिकवायला. पण स्वभाव लाजरा, वर्गासमोर उभं राहून बोलणं त्याला नकोसं वाटायचं. पुस्तकं आणि संगीत यांत मात्र रमायचा.

त्या सुमारास ड्युपाँट कंपनीत चार्ल्स स्टाइन नावाच्या अधिकाऱ्याच्या डोक्यात एक कल्पना होती. कंपनीने पैसे घालून शुद्ध विज्ञानाची लॅब काढायची, उद्या काय विकायचं याचा विचार न करता. विल्मिंग्टनला ही लॅब झाली आणि कंपनीतले लोक तिला चेष्टेने प्युरिटी हॉल म्हणायचे. सेंद्रिय रसायनशास्त्राचं काम बघायला स्टाइनला कॅरोदर्स हवा होता.

कॅरोदर्सने आधी नकार दिला. कारण पगार नव्हता. त्याने कंपनीला पत्रात स्वतःच कळवलं की मला मधूनमधून मानसिक त्रासाचे झटके येतात, त्या काळात माझ्याकडून काम होत नाही, आणि कंपनीत ही गोष्ट हार्वर्डपेक्षा जास्त अडचणीची ठरेल. आज आपण इंटरव्ह्यूत गॅप इयर लपवतो. याने १९२७ मध्ये हे लिहून दिलं होतं. तरीही कंपनी मागे लागली आणि १९२८ च्या फेब्रुवारीत तो विल्मिंग्टनला रुजू झाला.

डबे जोडा, पाणी काढा

तेव्हा रसायनशास्त्रात एक भांडण चालू होतं. रबर, रेशीम, कापूस हे पदार्थ नक्की कशाचे बनलेत? जर्मनीतले हेर्मान स्टाउडिंगर १९२० पासून सांगत होते की हे हजारो अणूंच्या लांबच लांब साखळ्यांचे रेणू आहेत. बऱ्याच मोठ्या लोकांना ते पटत नव्हतं. इतका मोठा रेणू असूच शकत नाही, लहान रेणू कसेतरी एकमेकांना चिकटून बसले असतील, असं त्यांचं म्हणणं.

कॅरोदर्सने भांडणात न पडता सरळ मार्ग घेतला. साखळी असते की नाही यावर वाद कशाला, आपणच एक बांधून दाखवू. तीही केमिस्ट्रीच्या पहिल्या वर्षाला शिकवतात तेवढ्याच रिॲक्शन वापरून.

रेल्वेचे डबे डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक डब्याला दोन्ही टोकांना कपलिंग असतं म्हणून गाडी कितीही लांब करता येते. एकाच टोकाला कपलिंग असतं तर दोन डब्यांत गाडी संपली असती. कॅरोदर्सने असे रेणू निवडले ज्यांच्या दोन्ही टोकांना ॲसिडचा गट आहे, आणि असे ज्यांच्या दोन्ही टोकांना अल्कोहोलचा गट आहे. ॲसिड आणि अल्कोहोल जोडले की एस्टर नावाचा बंध तयार होतो. ॲसिड, अल्कोहोल, ॲसिड, अल्कोहोल अशी गाडी लागत गेली की झाला पॉलिएस्टर.

यात मेख एकच. एक कपलिंग जुळलं की पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. आणि ही रिॲक्शन दोन्ही बाजूंनी चालते. बाहेर पडलेलं पाणी तिथेच घुटमळत राहिलं तर ते परत येऊन कपलिंग तोडतं. जोडलं, तुटलं, जोडलं, तुटलं. त्यामुळे साखळ्या एका लांबीनंतर वाढेचनात. रेणूभार पाच-सहा हजारांच्या आसपास येऊन अडकायचा.

मग त्याच्या टीमने मॉलेक्युलर स्टिल नावाचं उपकरण वापरलं. जवळजवळ पूर्ण निर्वात जागा, खाली गरम पदार्थ आणि अगदी जवळ वर थंड पृष्ठभाग. पाण्याचा रेणू बाहेर पडला रे पडला की वर जाऊन थंड जागी चिकटणार, परत येऊन त्रास देणार नाही. १९३० च्या एप्रिलमध्ये ज्युलियन हिल या सहकाऱ्याने अशाच एका गरम पॉलिएस्टरमध्ये काडी बुडवून वर ओढली आणि मागोमाग धागा आला. गार झाल्यावर तो धागा आणखी ताणला तर तुटायच्या ऐवजी कित्येक पट लांब झाला आणि रेशमासारखा चमकायला लागला. ताणल्यावर आतल्या साखळ्या एका रेषेत येतात म्हणून तो मजबूत होतो. लॅबमधले लोक काडीला धागा गुंडाळून कॉरिडॉरभर पळत सुटले असा किस्सा सांगितला जातो. रेणूभार १२,००० च्या वर गेला होता. स्टाउडिंगर यांच्या बाजूचा हा मोठा पुरावा होता.

(त्याच महिन्यात त्याच ग्रुपमध्ये आर्नॉल्ड कॉलिन्सच्या हातून निओप्रीन रबर सापडलं. एका महिन्यात दोन! लॅपटॉपच्या कव्हरला असतं ते निओप्रीन. त्याची गोष्ट वेगळी आहे, इथे नको.)

टाकाऊ कपाट

आता मूळ गोष्टीकडे. धागा चमकदार होता, पण कपड्याच्या कामाचा नव्हता. हे सुरुवातीचे पॉलिएस्टर बहुतेक १०० अंशांच्या आतच वितळायचे. इस्त्री फिरवली की शर्ट गेला. वर गरम पाण्यासमोर आणि ड्रायक्लीनिंगच्या द्रावणांसमोर टिकाव नाही. ज्या पाण्याला हाकलून धागा बनवला, तेच पाणी परत येऊन कपलिंग सोडवायचं.

पण कॅरोदर्स चिकाटीचा. त्याच्या लॅबने साखळ्यांचे एकेक प्रकार बनवून, मोजून, छापून काढले. पॉलिमरायझेशन आणि वलयांची रचना या विषयावर शोधनिबंधांची लांबलचक मालिका आहे. मी त्यातले तीन निबंध उघडून बसलो आणि माझे डोळे मोठे झाले.

१९३२, डरो आणि व्हॅन नॅटा यांच्यासोबत: सहा अणूंच्या वलयाचे एस्टर. यात लॅक्टाइड आहे, म्हणजे लॅक्टिक ॲसिडचे दोन रेणू जोडून झालेलं वलय. हे वलय तापवून उघडलं की पॉलीलॅक्टिक ॲसिडची साखळी होते, आणि ती साखळी परत वलयाकडेही वळते. आजोबांच्या खोक्यातला पदार्थ!

१९३२, हिलसोबत: सेबॅसिक ॲसिडचं पॉलीअनहायड्राइड. म्हणजे ॲसिडला ॲसिडच जोडायचं. याचा धागा निघतो, पण पाणी लागलं की एस्टरपेक्षाही लवकर तुटतो.

१९३४, व्हॅन नॅटा आणि हिलसोबत: कॅप्रोलॅक्टोन आणि त्याचे पॉलिमर. वितळायचं तापमान साधारण ६० अंश. चहात बुडवला तरी मऊ पडेल.

कपड्यांच्या कंपनीच्या नजरेतून तिन्ही नापास. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर तिन्हींमध्ये बग एकच होता, पाणी. तिकीट बंद, दुरुस्त होणार नाही असा शेरा. कंपनीच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

१९३० पासून केमिकल विभागाचा प्रमुख होता एल्मर बोल्टन, आणि त्याला विकता येईल असा माल हवा होता. १९३४ मध्ये त्याच्या आग्रहाने कॅरोदर्स पुन्हा धाग्याकडे वळला. या वेळी एस्टर सोडून अमाइड बंध घेतला. अमाइडच्या साखळ्या शेजारच्या साखळ्यांना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात, त्यामुळे वितळायचं तापमान चढतं आणि पाण्याला सहजासहजी शिरकाव मिळत नाही. २८ फेब्रुवारी १९३५ ला त्याच्या टीममधल्या जेरार्ड बर्चेटने सहा-सहा कार्बनचे दोन रेणू जोडून जो पदार्थ बनवला, त्याला पुढे नायलॉन ६६ म्हटलं गेलं. वितळतो २६० अंशांच्याही वर. इस्त्री पास, धुणं पास.

(पॉलिएस्टरचं काय झालं? १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये विनफिल्ड आणि डिक्सन यांनी कॅरोदर्सच्याच कामावरून पुढे जात साखळीत बेंझिनचं कडक वलय घातलं आणि पाण्याला न जुमानणारा पॉलिएस्टर बनवला. आजोबांच्या लग्नातला टेरिलीनचा शर्ट आणि आपली पाण्याची बाटली दोन्ही त्याच वंशातले.)

एप्रिल १९३७

इथून पुढचं लिहायला जड जातं.

बाहेरून बघणाऱ्याला सगळं छान दिसत असणार. १९३६ च्या फेब्रुवारीत त्याने हेलन स्वीटमनशी लग्न केलं. त्याच वर्षी तो अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडला गेला. कंपनीत काम करणाऱ्या सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञाला हा मान तोवर मिळाला नव्हता. पण तरुणपणापासूनचं डिप्रेशन वाढतच चाललं होतं. १९३४ मध्ये तो खचून कामावरून गायब झाला होता, १९३६ मध्ये फिलाडेल्फियात मानसिक आजाराच्या हॉस्पिटलमध्ये राहिला. मला आता काही नवीन सुचणार नाही, मी काही मिळवलेलं नाही, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. निओप्रीन, नायलॉन आणि इतके शोधनिबंध नावावर असलेला माणूस!

१९३७ च्या जानेवारीत त्याची लाडकी बहीण इझोबेल न्यूमोनियाने गेली. ती रेडिओवरची प्रसिद्ध कलाकार होती. हा धक्का त्याला सोसला नाही. २९ एप्रिल १९३७ रोजी, एक्केचाळिसाव्या वाढदिवसानंतर दोनच दिवसांनी, फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. हेलन तेव्हा गरोदर होती. मुलगी जेन नोव्हेंबरमध्ये जन्मली.

नायलॉनची जाहीर घोषणा झाली ऑक्टोबर १९३८ मध्ये. १५ मे १९४० ला अमेरिकाभर नायलॉनचे स्टॉकिंग दुकानांत आले तेव्हा बायकांच्या रांगा लागल्या. त्याने यातलं काहीच पाहिलं नाही. त्याच्या हाताखाली १९३४ मध्ये लागलेल्या पॉल फ्लोरी या पोराला १९७४ मध्ये नोबेल मिळालं. स्टाउडिंगर यांना १९५३ मध्येच मिळालं होतं.

डिप्रेशन हुशारी बघून येत नाही हे मी माझ्या आसपासही पाहिलंय. त्या काळी आजच्यासारखी औषधंही नव्हती. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात असे विचार येत असतील तर १४४१६ हा सरकारी टेलीमानस नंबर आहे, २४ तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. आता पुढे.

बंद तिकीट पुन्हा उघडतं

कॅरोदर्सनंतरही ड्युपाँटमध्ये हा जुना माल पूर्ण विस्मरणात गेला नव्हता. १९५४ मध्ये तिथल्याच लो नावाच्या संशोधकाने ग्लायकोलिक ॲसिडची लांब साखळी बनवायचं पेटंट घेतलं. पण खरा ट्विस्ट आला डॉक्टरांकडून. त्यांची अडचण कपडेवाल्यांच्या बरोब्बर उलटी होती. पोटाच्या आत टाके घातले तर काढणार कसे? तोवर विरघळणारा धागा म्हणजे कॅटगट, मेंढीच्या किंवा गुरांच्या आतड्याचा. तो प्रत्येकाच्या अंगात वेगवेगळ्या वेगाने विरघळायचा आणि शरीर त्यावर चिडायचं. त्यांना असा धागा हवा होता जो दोन-तीन आठवडे घट्ट राहील, मग पाण्याने तुटेल आणि मागे काही वाईट उरणार नाही.

असा धागा कॅरोदर्सच्या टाकाऊ कपाटातच होता.

१९६६ मध्ये आर्काइव्ह्ज ऑफ सर्जरी या नियतकालिकात पॉलीलॅक्टिक ॲसिड शरीरात बसवण्याविषयी एक निबंध आला. अमेरिकी लष्कराच्या लॅबमधलं काम, प्राण्यांवर केलेलं. पहिल्या लेखकाचं नाव आर. के. कुलकर्णी! मी खुर्चीत सरळ बसलो. आडनावावरून गाव काढायची आपली सवय इथे आवरती घेतो, पण बरं वाटलं एवढं खरं. १९७० च्या सुमाराला डेक्सॉन हा ग्लायकोलिक ॲसिडचा धागा बाजारात आला. १९७४ मध्ये व्हिक्रिल आला, ९० टक्के ग्लायकोलिक आणि १० टक्के लॅक्टिक. साधारण ५६ ते ७० दिवसांत तो शरीरात जिरून जातो.

मागे गाडीवरून पडलो तेव्हा माझ्या गुडघ्याला दोन थरांत टाके पडले होते. वरचे काळे टाके दहा दिवसांनी काढायला बोलावलं, आतले आपोआप विरघळतील असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा काही वाटलं नव्हतं. आता कळतंय की वरचा काळा धागा नायलॉनचा असतो आणि आतला या लॅक्टिक-ग्लायकोलिक घराण्यातला. एकाच जखमेत कॅरोदर्सचा पास झालेला आणि नापास झालेला असे दोन्ही धागे.

बिस्किट आणि साबण

मग आजोबांच्या इंजेक्शनचं काय? ल्युप्रोलाइड हे छोटं प्रोटीनसारखं औषध आहे. गोळी करून दिलं तर पोट ते पचवून टाकेल. सुईने दिलं तरी रक्तात दर तीनेक तासांनी निम्मं होतं, म्हणून १९८० च्या दशकात ते रोज टोचावं लागायचं. आणि ते सतत अंगात असणं हेच त्याचं काम आहे. मेंदूच्या खाली पिट्युटरी ग्रंथी असते, तिला नैसर्गिक संदेश थांबून थांबून येतो, जशी दारावरची बेल. कुणी बेलवर बोट दाबूनच धरलं तर सुरुवातीला घरातले धावतात, मग वैतागून लक्ष देणं सोडतात. तसंच इथे होतं. आधी थोडे दिवस टेस्टोस्टेरॉन वाढतं (म्हणून आजोबांना सुरुवातीला वेगळ्या गोळ्याही होत्या), मग ग्रंथी गप्प बसते, टेस्टोस्टेरॉन खाली येतं आणि त्यावर पोसला जाणारा कॅन्सर मंदावतो. मध्ये बेलवरचं बोट निघालं तर घरातले पुन्हा उठतील.

म्हणून औषध पॉलिमरच्या बारीक बारीक गोळ्यांमध्ये कोंडतात, साध्या डोळ्यांना नुसती पांढरी पावडर दिसावी इतक्या बारीक. महिनाभर चालणारं असं इंजेक्शन अमेरिकेत १९८९ मध्ये मंजूर झालं, लॅक्टिक आणि ग्लायकोलिक मिसळून केलेल्या पॉलिमरचं. तीन महिन्यांच्या इंजेक्शनसाठी निव्वळ पॉलीलॅक्टिक ॲसिड वापरतात, कारण ते सावकाश तुटतं. लॅक्टिकच्या रेणूला एक जास्तीचा मिथाइल गट असतो, तो पाण्याला जरा दूर ठेवतो. दोन्ही अर्धे-अर्धे मिसळले तर महिना-दोन महिन्यांत काम संपतं, लॅक्टिकचा वाटा वाढवला तर जास्त टिकतं. कॅरोदर्सला छळणारं पाणी इथे घड्याळाचा काटा झालंय, आणि काट्याचा वेग या मिश्रणाने ठरतो.

तुटतं कसं तेही बघण्यासारखं आहे. चहात बुडवलेलं पार्लेजी आठवा. बाहेरून आकार तसाच, आत चहा भरलेला, आणि मग एकदम गळून पडतं. पॉलीलॅक्टिक ॲसिड साधारण असं. पाणी सगळीकडे शिरतं, आतल्या साखळ्या लहान लहान होत जातात. तुटलेले तुकडे ॲसिड असतात आणि ते आतच अडकले तर आतला भाग बाहेरच्यापेक्षा लवकर तुटतो. शेवटी उरतं लॅक्टिक ॲसिड. आपण जिना पळत चढतो तेव्हा स्नायूंमध्ये तयार होतं तेच. शरीराला ते ओळखीचं असतं, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करून टाकतं.

पॉलीअनहायड्राइड मात्र साबणाच्या वडीसारखं. वरून झिजत झिजत जातं, आतलं कोरडंच राहतं. १९९६ मध्ये अमेरिकेत ग्लायाडेल मंजूर झालं. मेंदूतली गाठ काढल्यावर तिथल्या पोकळीत ठेवायच्या चकत्या, दीडेक सेंटिमीटर रुंद, एक मिलिमीटर जाड, जास्तीत जास्त आठ. त्या झिजता झिजता औषध सोडतात. त्यांच्या पॉलिमरचा ८० टक्के भाग कशाचा, तर सेबॅसिक ॲसिडचा. हिल आणि कॅरोदर्सचं १९३२!

आणि चहात मऊ पडणारं ते तिसरं? २०१२ मध्ये मिशिगन विद्यापीठात एका तान्ह्या बाळाची श्वासनलिका सारखी मिटत होती. तिला बाहेरून धरून ठेवणारी नळी पॉलीकॅप्रोलॅक्टोनची, थ्रीडी प्रिंटरवर छापलेली. ती सावकाश, तीनेक वर्षांत जिरते. तोवर बाळाची श्वासनलिका स्वतःच्या बळावर उघडी राहायला लागते.

हे सगळं जादूसारखं वाटलं तरी घोळ आहेत. टोचल्यावर पहिल्या काही तासांत औषध जरा जास्तच बाहेर येतं. एकदा दिलेलं परत काढता येत नाही. आत साठणारं ॲसिड नाजूक प्रोटीनची वाट लावू शकतं, म्हणून प्रत्येक औषध असं कोंडता येत नाही. आणि किंमत! आजोबा अजून खोक्यावरचा आकडा बघतात आणि त्यात किती तिकिटं फाडून झाली असती याचा हिशेब करतात.

गेल्या वेळी मी मुद्दाम आत थांबलो. सिस्टरने पावडर आणि पातळ औषध वेगवेगळं ठेवलं होतं, अगदी टोचायच्या आधी मिसळलं, हलवलं आणि लगेच दिलं. मिसळून ठेवलं तर चालत नाही का, असं विचारलं तर म्हणाली चालत नाही, कागदावर तसंच लिहिलंय. भिजलं की घड्याळ सुरू, म्हणून पावडर शेवटपर्यंत कोरडी.

बाहेर आल्यावर आजोबांना सगळं सांगितलं, बिस्किट आणि बेलसकट. कॅरोदर्सचं शेवटचं ऐकून ते जरा वेळ गप्प बसले. एक्केचाळीस म्हणजे पोरच की, असं म्हणाले. मग रिक्षात बसल्यावर विचारलं की डेपोतून गाड्या पहिल्या दिवशी जास्त सुटतात आणि मग टायमिंगवर येतात, असंच ना? मी हो म्हटलं. घरी येऊन त्यांनी कालनिर्णयावर तीन महिन्यांनंतरच्या तारखेला गोल केला आणि शेजारी लिहिलं: डेपो रिकामा.